‘कंपनी’ : एका शब्दाचे अनेक अर्थ

आपल्या दुकानांच्या पाट्या, बिलांचे मथळे, करारनाम्यांचे कागद आणि घरातील नित्याचे बोलणे यांत जे इंग्रजी शब्द पूर्णपणे आपले होऊन बसले आहेत, त्यांत ‘कंपनी’ या शब्दाचा क्रमांक फार वरचा लागेल. मराठी, माळवी आणि हिंदी या तिन्ही बोली ज्या धार-देवासच्या बाजारांत एकाच ओट्यावर नांदतात, तेथे तर हा शब्द तिन्हींचा सामाईक झाला आहे. परंतु शब्द एक असला तरी अर्थ एक नाही. धान्यपेठेतील आडत्याच्या पाटीवर ‘अँड कंपनी’ असे लिहिलेले असते, तेथे त्याचा अर्थ भागीदार असा असतो. पिथमपुरात मुलगा ‘कंपनीत लागला’ असे एखादी माता सांगते, तेव्हा तिला कारखाना अभिप्रेत असतो. गिऱ्हाईक ‘कंपनीचा माल दाखवा’ म्हणते, तेव्हा त्याला नामांकित छापाची वस्तू हवी असते. लग्नघरी ‘बच्चेकंपनी आधी जेवून घेऊ द्या’ असे कोणी म्हटले, तर तेथे केवळ मुलांचा घोळका असतो. आणि ‘जरा कंपनी द्या हो’ असे म्हणणाऱ्यास फक्त सोबत पाहिजे असते.

बोलण्यात अर्थांची अशी सरमिसळ झाली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. मात्र कागदावर सही करण्याची वेळ येते, तेव्हा या शब्दाचा नेमका कोणता अर्थ त्या कागदात आहे यावर आपले घर, शेत आणि स्त्रीधन सुरक्षित आहे की नाही हे ठरते. म्हणून या शब्दाची जन्मकथा, त्याचा आपल्या प्रांतातील प्रवास आणि कायद्याने त्याला दिलेला अर्थ यांची ओळख व्यापारी बंधूंना व त्यांच्या कुटुंबीयांना करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

शब्दाचे मूळ

‘कंपनी’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला व फ्रेंचमध्ये लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एका भाकरीचे वाटेकरी ते ‘कंपनी’, म्हणजे एका पंगतीचे सोबती, असा याचा मूळ अर्थ आहे. गंमत अशी की, याच ‘पानिस’ शब्दापासून पोर्तुगीज भाषेत भाकरीला जो शब्द झाला, तो गोवा-वसईच्या मार्गाने मराठीत येऊन ‘पाव’ झाला. तेव्हा भट्टीतील पाव आणि पेढीवरील कंपनी ही दोन्ही एकाच मुळाची अपत्ये आहेत.

मूळ अर्थ ध्यानात घेतला तर हा शब्द आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. ‘एका ताटात जेवणारे’ हा वाक्प्रचार आपणही विश्वासाच्या माणसांसाठी वापरतो, आणि स्वामिवात्सल्याच्या पंगतीचे महत्त्व जैन समाजाला सांगावयास नको. ज्यांच्याशी अन्नव्यवहार, त्यांच्याशी विश्वासाचा व्यवहार, ही समजूत युरोपात होती तशी येथेही होती.

आपली जुनी समूहवाचक नावे

इंग्रजी शब्द येण्यापूर्वी आपल्याकडे एकत्र येऊन धंदा करण्याची रीत नव्हती, असे समजणे चुकीचे होईल. श्रेणी, पूग, निगम, गण, संघ असे कितीतरी शब्द प्राचीन काळापासून प्रचारात आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते; व्याजातून लेण्यातील भिक्षूंना वस्त्रे व खर्चास रक्कम मिळावयाची होती. देणारा जाईल, घेणारे कारागीर जातील, पण श्रेणी राहील, या भरवशावर ही ठेव ठेवलेली आहे. कंपनीच्या कायद्यातील मुख्य तत्त्व हेच आहे, हे पुढे दिसून येईल.

दुसरा दाखला आपल्या माळव्यातलाच आहे. मंदसोर, म्हणजे प्राचीन दशपूर, येथील शिलालेखात लाट देशातून आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीची हकीकत आहे. या श्रेणीने इसवी सन ४३६ च्या सुमारास सूर्यमंदिर बांधले आणि ४७३ च्या सुमारास त्याचा जीर्णोद्धार केला. श्रेणीतील काहींनी धनुर्विद्या, ज्योतिष असे निराळे व्यवसाय पत्करले होते, असेही त्या लेखात आहे. गाव बदलले, काहींचे धंदे बदलले, सदतीस वर्षांत एक पिढी सरली. परंतु मंदिर बांधणारी आणि दुरुस्त करणारी श्रेणी एकच राहिली.

देवासच्या वाचकांस ‘पाती’ हा शब्द वेगळा समजावून द्यावयास नको. पाती म्हणजे वाटा, हिस्सा. पवार घराण्यातील तुकोजी व जिवाजी या दोन भावांनी अठराव्या शतकात देवास मिळविले व त्यांच्या वंशांत एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदली. १९४८ मध्ये मध्यभारत निर्माण होईपर्यंत ही व्यवस्था टिकली. पातीत हिस्सा रक्ताच्या नात्याने येतो. भागीदारीत तो कराराने येतो. आणि कंपनीत तो शेअर विकत घेऊन येतो. समूहाच्या तीन प्रकारांतील हा भेद वाचकांनी मनात ठेवला, तर पुढील विवेचन सोपे जाईल.

कुंपणी सरकार

माळव्यात हा इंग्रजी शब्द प्रथम आला तो दुकानाच्या पाटीवरून आला नाही. तो तहनाम्यातून आला. ३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या राणीने लंडनच्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळीस पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली. तीच ईस्ट इंडिया कंपनी. आरंभी प्रत्येक सफरीसाठी निराळे भांडवल गोळा करावयाचे आणि जहाज परतले की नफा वाटून हिशेब मिटवावयाचा, अशी रीत होती. १६५७ मध्ये तिचे भांडवल कायमचे झाले. हॉलंडच्या व्यापाऱ्यांची कंपनी १६०२ पासूनच सामाईक भांडवलावर चालत होती. सभासद बदलत राहिले तरी भांडवल व नाव कायम राहते, हीच या संस्थांची खरी शक्ती होती.

मराठी कागदपत्रांत तिचे नाव ‘कुंपणी’ असे येते. ‘कुंपण’ या शब्दाशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे. तथापि कुंपणानेच शेत खाल्ले ही म्हण तिच्या कारभारास लागू पडली, हेही खरे. १२ डिसेंबर १८१८ रोजी देवासच्या दोन्ही राजांशी आणि १० जानेवारी १८१९ रोजी धारच्या राजांशी कंपनीचे तह झाले. त्या दिवसापासून लंडनच्या भागधारकांची एक व्यापारी मंडळी धार-देवासची सार्वभौम सत्ता बनली.

या सत्तेलाही माळव्याच्या व्यापाऱ्यांपुढे एका बाबतीत माघार घ्यावी लागली. बंगालमध्ये अफूचा मक्ता कंपनीकडे होता. माळव्यातही सर्व अफू स्वतः खरेदी करण्याचा प्रयत्न तिने तहांनंतर करून पाहिला. परंतु येथील सावकार व व्यापारी आपला माल राजपुतान्यातून सिंधमार्गे दमणपर्यंत पोहोचवू लागले. शेवटी १८३० च्या सुमारास खरेदीचा नाद सोडून मुंबईकडे जाणाऱ्या मालावर परवाना-शुल्क घेण्यावर कंपनीने समाधान मानले. १८४३ मध्ये सिंध तिच्या ताब्यात आल्यावर आडमार्ग बंद झाला आणि शुल्क वाढत गेले. तो व्यापार स्मरणीय असला तरी अभिमानाचा नव्हे. त्या पेट्यांनी चीनमध्ये किती घरे बुडविली हे जग जाणते. मात्र पुष्कळ छोट्या पेढ्या परस्परांच्या पतीवर एकत्र उभ्या राहिल्या, तर सनदशीर मक्तेदारालाही धोरण बदलावे लागते, एवढे त्यावरून दिसून येते.

१८५७ च्या उठावात धारच्या किल्ल्याला इंग्रजी फौजेने वेढा दिला व ऑक्टोबरच्या अखेरीस तो घेतला. त्यानंतर धार संस्थान जप्त झाले. ते १८६० मध्ये बैरसिया परगणा वगळून परत मिळाले, तेव्हा परत देणारी सत्ता दुसरीच होती. कारण १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने राज्यकारभार कंपनीकडून राणीकडे गेला होता. कंपनीचे व्यापारी कामकाज त्याआधीच, १८३३ च्या कायद्याने, संपुष्टात आणले गेले होते. १ जून १८७४ रोजी ती कायद्याने विसर्जित झाली. शब्द मात्र येथेच राहिला.

आता चक्र उलटे फिरलेले दिसते. देवासची नोटा छापणारी बँक नोट प्रेस १९७० च्या दशकात सरकारी खात्याचा भाग म्हणून सुरू झाली. २००६ पासून ती भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम लिमिटेड या सरकारच्या संपूर्ण मालकीच्या कंपनीचा विभाग आहे. एके काळी देवासवर कंपनीचे सरकार होते. आज देवासमध्ये सरकारची कंपनी आहे.

नाटक मंडळी आणि नाटक कंपनी

महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी नेण्याचे काम नाटकवाल्यांनी केले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले. त्यांच्या संस्थेचे नाव किर्लोस्कर नाटक मंडळी. १९१३ मध्ये निघाली ती गंधर्व नाटक मंडळी. संस्थांनी स्वतःस ‘मंडळी’ म्हटले तरी प्रेक्षक ‘कंपनी आली’ असेच म्हणत. मात्र कायद्याच्या दृष्टीने मंडळी म्हणजे तिचे मालकच. गंधर्व मंडळीवर मोठे कर्ज झाले तेव्हा ‘ते मंडळीचे आहे, माझे नव्हे’ असे म्हणून बालगंधर्वांना बाजूला होता आले नाही. अनेक वर्षे खपून त्यांनी ते फेडले.

१९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीचेही तेच. नावात कंपनी होती, परंतु होती ती भागीदारी. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे चौघे कलावंत आणि भांडवलासाठी पाठीशी राहिलेले सराफ सीतारामपंत कुलकर्णी असे तिचे पाच भागीदार होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. नावात ‘कंपनी’ असल्याने संस्था कंपनी होत नाही.

कायद्यातील कंपनी

मग कायद्याने कंपनी कोणास म्हणावे? हिंदुस्थानात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० मध्ये झाला व भागधारकांची जबाबदारी मर्यादित ठेवण्याची मुभा १८५७ च्या कायद्याने मिळाली. पुढे १८६६, १८८२, १९१३ व १९५६ असे कायदे होत गेले. सध्या २०१३ चा कायदा अमलात आहे. या सर्वांचा गाभा असा की, नोंदणी झालेली कंपनी ही तिच्या सभासदांहून निराळी अशी एक ‘व्यक्ती’ असते. तिची मालमत्ता तिची, तिचे कर्ज तिचे. सभासद मेला तरी ती मरत नाही. सभासदाने शेअरची पूर्ण रक्कम भरली की कंपनीच्या कर्जाकरिता त्याच्या घरावर येता येत नाही. १८९७ मध्ये सॉलोमन नावाच्या लंडनच्या एका चर्मव्यापाऱ्याच्या खटल्यात इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने हे तत्त्व पक्के केले. त्याच्या कंपनीत तो स्वतः आणि केवळ नावापुरते त्याचे कुटुंबीय होते; तरीही कंपनी निराळी आणि सॉलोमन निराळा, असा निर्णय झाला.

‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थ लोक पुष्कळदा ‘मोठी’ असा करतात. खरा अर्थ ‘मर्यादित’ असा आहे, आणि ती मर्यादा भागधारकाच्या जबाबदारीची आहे. म्हणजे ‘लिमिटेड’ हा शब्द देणेकऱ्यास अभय आणि घेणेकऱ्यास इशारा आहे. लिमिटेड कंपनीस उधार माल देणाऱ्याने, आपले पैसे बुडाल्यास मालकाच्या बंगल्याकडे बोट दाखविता येणार नाही, हे आधीच समजून घ्यावे. नोंदणी न करता हा शब्द नावापुढे लावणाऱ्यास २०१३ च्या कायद्याच्या ४५३ व्या कलमान्वये दररोज ५०० ते २,००० रुपये दंड होऊ शकतो.

खाजगी कंपनीस किमान दोन व अधिकाधिक २०० सभासद चालतात. सार्वजनिक कंपनीस किमान सात लागतात. २०१३ च्या कायद्याने एक नवल केले. एकट्या माणसाचीही कंपनी होऊ शकते, असे त्याने ठरविले. एका भाकरीचे अनेक वाटेकरी या अर्थाचा शब्द अखेर एकट्या जेवणाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला! तथापि अशा एकट्या सभासदालाही आपल्या पश्चात कंपनी कोणाकडे जाईल त्याचे नाव आधीच नोंदवावे लागते. कारण माणूस जाईल, पण कंपनीला जाता येणार नाही.

कंपनीचे बळ आणि तिचा धोका

या व्यवस्थेचे बळ पाहावयाचे तर सोलापूरच्या वालचंद हिराचंद या जैन उद्योजकाचे उदाहरण पाहावे. आरंभी त्यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून रेल्वेची कंत्राटे घेतली. त्या कामास परस्परविश्वासाची भागीदारी पुरेशी होती. परंतु इंग्रजांच्या आगबोटींशी स्पर्धा करावयाची म्हणजे दोघा-चौघांची पुंजी अपुरी. म्हणून १९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी आदींच्या साहाय्याने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिची पहिली बोट ‘लॉयल्टी’ ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली होती. त्यावरूनच कंपनीस हे नाव पडले. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

धोक्याची बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि नित्य नव्या कंपन्या निघू लागल्या. जैन समाजातील प्रख्यात दलाल प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे बाजाराचे राजे होते. युद्ध थांबताच १८६५ मध्ये भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या, आणि ‘कंपनी’ या शब्दावर भुलून शेअर घेणारी असंख्य कुटुंबे नागविली गेली.

मर्यादित जबाबदारीचा भार शेवटी कोणी तरी उचलतोच. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तेथील सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या रकमांचा प्रश्न सुटण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. तेव्हा सुमारे २२४ कोटी रुपये त्यांच्यासाठी देण्यात आले. बत्तीस वर्षांत वाट पाहणाऱ्यांपैकी कित्येक हयात राहिले नव्हते. कंपनी मरत नाही असे कायदा म्हणतो. कामगार मात्र मरतात. कंपनी चालविणाऱ्याने हे विसरता कामा नये.

‘अँड कंपनी’ची पाटी

आता आपल्या नित्य व्यवहाराकडे वळू. धार-देवासच्या बाजारात ‘अमुक अँड कंपनी’ अशा ज्या पाट्या आहेत, त्यांतील बहुतेक १९३२ च्या भागीदारी कायद्याखालील पेढ्या असतात. त्या कायद्याप्रमाणे पेढी ही भागीदारांहून निराळी व्यक्ती नव्हे. पेढीचे कर्ज ते प्रत्येक भागीदाराचे कर्ज. तेही केवळ त्याच्या हिश्श्यापुरते नव्हे, तर संपूर्ण.

समजा, धान्याच्या एका पेढीत तिघे भागीदार आहेत. दोघे पेढीवर बसतात. तिसरी त्यांच्यापैकी एकाची वहिनी. करआकारणीच्या सोयीसाठी तिची सही करारनाम्यावर घेतलेली आहे. तिने पेढीची पायरी कधी चढलेली नाही. पेढी बुडाली आणि दोघांजवळ काही उरले नाही, तर धनको संपूर्ण रकमेसाठी त्या वहिनीवर फिर्याद करू शकतो. तिच्या माहेरच्या पैशांतून घेतलेले घरही त्यात जाऊ शकते. ‘मी नावापुरती भागीदार होते’ हे उत्तर धनकोपुढे चालत नाही. कायद्यात नावापुरता भागीदार असा प्रकारच नाही. आपल्या घरातील किती माता-भगिनींनी अशा सह्या केल्या असतील, याचा प्रत्येक कुटुंबप्रमुखाने शांतपणे विचार करावा. आणि ज्यांच्यापुढे असा कागद येईल त्या भगिनींनी तो वाचून, समजून मगच सही करावी. अर्थ विचारणे हा अविश्वास नव्हे.

या कायद्यातील आणखी काही गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पेढीची नोंदणी सक्तीची नाही; परंतु नोंदणी नसेल तर १०० रुपयांहून अधिक येणे असले तरी करारावरून बाहेरच्या ऋणकोवर पेढीला दावा लावता येत नाही. निवृत्त झालेल्या भागीदाराने जाहीर सूचना दिली नाही, तर पेढीच्या नंतरच्या व्यवहारांसाठीही तो बाहेरच्या लोकांस बांधील राहू शकतो. अज्ञान मुलास नफ्यापुरते सामील करता येते; तो सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने निर्णय जाहीर केला नाही, तर तो पूर्ण भागीदार समजला जातो. करारात निराळे ठरले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. मृताच्या मिळकतीवर त्याच्या हयातीतील देण्यांचा बोजा राहतो, त्याच्या मृत्यूनंतर झालेल्या व्यवहारांचा नाही. एवढे एक वाक्य ठाऊक असले तरी पुष्कळ विधवा भगिनींची फसवणूक टळेल.

‘अँड सन्स’ व ‘ब्रदर्स’ ही नावेही अशीच समूहवाचक आहेत. पेढी एकत्र कुटुंबाची असेल तर तिला भागीदारी कायदा लागत नाही. तेथे आपणां जैनांनाही हिंदू कौटुंबिक कायदाच लागू आहे. पाटीवर ‘सन्स’ असले तरी ९ सप्टेंबर २००५ पासून अशा कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. पाटी जुनी राहिली तरी अर्थ बदलला आहे.

ज्यांना भागीदारीचा घरगुती सुटसुटीतपणा हवा आणि घरावर येणारा धोका नको, त्यांच्यासाठी २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी हा मधला मार्ग काढला आहे. तिची नोंदणी कंपनीप्रमाणेच होते आणि एका भागीदाराच्या चुकीसाठी दुसऱ्याच्या घराला धक्का लागत नाही. परंतु कंपनी असो वा अशी भागीदारी असो, बँक कर्ज देताना बहुधा संचालकांची व नातलगांची वैयक्तिक जामिनकी मागते. जामिनकीवर सही केली की त्या कर्जापुरती ‘लिमिटेड’ या शब्दाची मर्यादा संपली. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. कंपनीच्या कर्जाची तडजोड मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप मोकळा होत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

उपसंहार

सारांश असा की, ‘कंपनी’ या एका शब्दात सोबत, घोळका, फौजेची तुकडी, नाटकमंडळी, कारखाना, भागीदारी, कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आणि एके काळचे सरकार इतके अर्थ सामावलेले आहेत. बोलताना त्यांतील कोणताही अर्थ खुशाल घ्यावा. लिहिताना मात्र तीन प्रश्न विचारावेत : ही संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे? तिचे कर्ज न फिटल्यास कोणाच्या घरावर येईल? आणि माझी सही सभासद म्हणून आहे, भागीदार म्हणून आहे, की जामीनदार म्हणून? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर स्पष्ट मिळाल्यावाचून सही करू नये. आणि घरातील कोणाचीही सही घ्यावयाची असेल, तर ही तीन उत्तरे त्या व्यक्तीस आधी समजावून सांगावीत. एका भाकरीचे वाटेकरी होताना भाकरी किती आणि तिच्यावर उधारी किती, हे सर्व वाटेकऱ्यांना सारखेच ठाऊक असले पाहिजे.